आधी आवा कधी लागणार ते विचारा

वाचकाचे पत्र

“सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. बी.ए. झाले असून सध्या गावच्या मराठी शाळेत तात्पुरती शिकवते. आमच्या गल्लीत एक वयस्क कुंभार आहेत. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. चाकावर काम करणारे गावात ते एकटेच उरले आहेत. त्यांच्या कामावर ५ मिनिटांचा व्हिडिओ करावा असे मनात होते, म्हणून दिवाळीच्या आधी दोन दिवस जाऊन मी फोनवर एकूण अडीच तास चित्रण केले. आता ते पाहते तर काहीच जुळत नाही. अण्णांचे बोलणे नीट ऐकू येत नाही, चित्र मध्येच पांढरे होते, मध्येच काळवंडते आणि रात्रीच्या चित्रणात दिव्याखाली पट्टे सरकताना दिसतात. भाऊ म्हणतो, चांगल्या कॅमेऱ्याशिवाय हे जमणार नाही. ६० हजारांचा कॅमेरा हप्त्यावर मिळतो. तो घ्यावा का? की आधी एखादा कोर्स करावा? मला हे मनापासून शिकायचे आहे.”

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

कॅमेऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हप्त्याचा कागद सही झाला की मागे फिरता येत नाही. कॅमेरा घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या चार अडचणींपैकी एकही फोनमुळे आलेली नाही. आवाज, चित्राचे पांढरे-काळे होणे आणि दिव्याचे पट्टे या तिन्हींवर तुमचाच फोन ठेवून उपाय आहे आणि तो पुढे सविस्तर लिहितो. चौथी अडचण, म्हणजे ‘काहीच जुळत नाही’, ही या साऱ्यांहून मोठी आहे. ती ६० हजारांच्या कॅमेऱ्यानेही सुटली नसती आणि ६ लाखांच्या कॅमेऱ्यानेही सुटली नसती.

अडीच तास म्हणजे १५० मिनिटे. त्यातून ५ मिनिटे काढायची तर दर ३० मिनिटांतले एक मिनिट ठेवायचे. इतके पुष्कळ हाताशी असूनही जुळत का नाही, याचे उत्तर तुम्ही गेलात त्या दिवसांत आहे. माती आणायची, भिजवायची, खडे काढून मळायची, चाकावर चढवायची, भांडे दोऱ्याने कापून उतरवायचे, अर्धवट वाळल्यावर आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून फळीने थापटायचे, मग सावलीत पूर्ण वाळू द्यायचे, पुरेशी भांडी साठली की आवा, म्हणजे भांडी भाजण्याची भट्टी, रचायचा, भाजायचा आणि निवल्यावर उघडायचा, इतका लांबचा हा प्रवास आहे. तो दोन दिवसांत कधीच पुरा होत नाही. आपल्या तालुक्यातल्या पावसात तर वाळवणच अडून राहते. दिवाळीच्या तोंडावर अण्णा पणत्यांच्या घाईत असणार आणि त्या दोन दिवसांत या प्रवासातले एक-दोन टप्पेच तुमच्या फोनसमोर आले असणार. ओली काळपट माती आणि भाजलेले तांबडे भांडे यांच्यामधला सारा काळ तुमच्याकडे नाही. जे टिपलेलेच नाही ते संकलनात कोठून येणार?

आपल्याकडे चित्रपटाचा पाया घालणाऱ्या दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट येथे फार उपयोगी आहे. १९१३ साली आपला पहिला मोठा चित्रपट लोकांसमोर आणण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी एक छोटी फिल्म केली. कुंडीत दाणा पेरला आणि रोप जसजसे वाढत गेले तसतशी थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पैसे लावणाऱ्यांना ही कला काय करू शकते ते पटावे म्हणून केलेला तो नमुना होता. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. मोठ्या कामाच्या आधी त्यांनी छोटे काम पुरे केले, ही पहिली. दुसरी अशी की चित्रणाचे वेळापत्रक रोपाने ठरवले, फाळक्यांनी ते मुकाट्याने पाळले. तुमचे वेळापत्रकही मातीने ठरवायचे आहे.

म्हणून पहिली पायरी वहीतली आहे. व्हिडिओ पाहून झाल्यावर पाहणाऱ्याला नेमके काय कळलेले असावे, ते एका वाक्यात लिहा. ‘अण्णांच्या कामावर व्हिडिओ’ हा केवळ विषय झाला. त्यातून काय टिपावे आणि काय सोडावे हे ठरत नाही, म्हणूनच माणूस दिसेल ते टिपत सुटतो. मी तुमच्या जागी असतो तर असे काहीतरी लिहिले असते: ‘भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून अण्णा ते पक्के की चिरलेले हे आवाजावरून सांगतात, आणि तो खणखणीत आवाज यावा म्हणून आधी किती दिवस काय काय करावे लागते, ते मला दाखवायचे आहे.’ हे वाक्य हाती आले की व्हिडिओची सुरुवात ठरते, शेवट ठरतो, आणि अण्णांच्या दारातली कोंबडी, गल्लीतला देवळाचा कळस, शेजारच्या मुलांची हसरी तोंडे ही सारी सुंदर दृश्ये का नकोत हेही ठरते. तुमचे वाक्य माझ्यापेक्षा वेगळे असू द्या. अण्णांना तुम्ही लहानपणापासून ओळखता, मी ओळखत नाही.

दुसरी पायरीही फोनशिवायची आहे. या धंद्यातले लोक तिला रेकी म्हणतात. एका सकाळी आणि एका संध्याकाळी अण्णांच्या पडवीत नुसते जाऊन बसा. उजेड कोणत्या बाजूने येतो, चाक कोठे आहे, पाठीमागे काय दिसते, किती वाजता शेजारची पिठाची गिरणी सुरू होते, रस्त्यावरून बस कधी जाते, ते वहीत टिपा. अण्णांना दोन प्रश्न विचारा: पुढचा आवा कधी लावणार, आणि सध्याची माती कोणत्या टप्प्यावर आहे. संक्रांतीच्या सुगड्यांसाठी आणि त्यानंतर उन्हाळ्याच्या घागरी-माठांसाठी त्यांचे काम चालेलच. त्या कामाच्या तारखांवर तुमच्या चित्रणाच्या तारखा बसवा. एकाच दिवशी चार तास ठाण मांडण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास जाणे अशा विषयाला शतपटींनी बरे, आणि शाळा सांभाळून तुम्हाला तेच शक्यही आहे.

तिसरी पायरी म्हणजे संहिता. हा शब्द ऐकून दचकू नका. वहीचे पान उभे दुमडून दोन रकाने करा. डावीकडे काय दिसेल ते लिहा, उजवीकडे त्याच वेळी काय ऐकू येईल ते लिहा. समजा डावीकडे लिहिले, ‘अण्णांचे बोट मडक्यावर टिचकी मारते, जवळून’. तर उजवीकडे येईल, ‘टिचकीचा आवाज, दुसरे काही नाही’. त्याखाली डावीकडे, ‘अण्णा मडके बाजूला ठेवतात, चेहरा’. उजवीकडे अण्णांचेच वाक्य, ‘हे चिरलंय’. पुढे डावीकडे तळ्याकाठची माती, उजवीकडे कुदळीचा घाव आणि त्यावर अण्णांचे बोलणे. असे ५ मिनिटांचे दोन-अडीच पानांत मावते. जेथे उजवा रकाना रिकामा राहतो किंवा जेथे डावीकडे ‘अण्णा बोलत आहेत’ हेच पुन्हापुन्हा लिहावे लागते, तेथे आपला व्हिडिओ कमकुवत आहे हे कागदावरच दिसते आणि कागदावरची दुरुस्ती फुकट असते. निवेदन लिहायचे असेल तर ते घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मिनिटाला आपले किती शब्द होतात ते मोजा आणि मगच लांबी ठरवा. माझे मत विचाराल तर निवेदन जवळजवळ नकोच. अण्णा बोलू शकत असताना त्यांच्या वतीने आपण का बोलावे?

आता आवाजाकडे वळतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी लग्नांचे चित्रण करून पोट भरत असताना, बेळगावपासून जवळच्या एका गावात एका वृद्ध बाईंच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला गेलो होतो. कॅमेरा भाड्याने आणलेला, चांगला होता. चित्र सुरेख आले. खोलीत पंखा चालू होता आणि आवाज कॅमेऱ्यावरच्याच माइकने घेतला होता, तो तेथे बसून मी कानाला लावून तपासला नाही. घरी येऊन ऐकतो तर पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर एक झालेली, आणि ओवी मध्येमध्ये बुडालेली. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता सुगी गेली आणि त्या बाई गेल्या. ती ध्वनिचित्रफीत आजही माझ्याकडे आहे. त्यांचे ओठ हलताना दिसतात, शब्द कळत नाहीत. म्हणून सांगतो, चित्र थोडे हलले तरी माणसे पाहतात, पण बोलणे कळले नाही की उठून जातात, आणि गेलेले बोलणे परत आणता येत नाही.

याचे कारण अगदी साधे आहे. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांतले अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मागचा गलबला मात्र जेवढा होता तेवढाच राहतो. तुमचा फोन अण्णांपासून ६-७ फुटांवर असणार, तेव्हा त्याने अण्णांपेक्षा गल्लीच जास्त ऐकली. उपाय असा की माइक माणसाजवळ न्यायचा. तारेचा साधा कॉलर माइक हजार रुपयांच्या आत मिळतो. ६० हजारांऐवजी तेवढे खर्च करा. तो हनुवटीखाली एक वीत अंतरावर, सदऱ्याच्या काठाला लावा, त्यावरचा स्पंजचा गोळा काढू नका, आणि माइकची पिन तुमच्या फोनला बसते ना ते विकत घेण्याआधी पाहा. माइक घ्यायचा नसेल तर घरातला दुसरा फोन ध्वनिमुद्रणाचे ॲप सुरू करून अण्णांच्या वरच्या खिशात ठेवा. मग दोन्ही फोन सुरू झाल्यावर चित्रात दिसेल अशी एक टाळी वाजवा. संकलनात चित्रातली टाळी आणि मुद्रणातली टाळी एकमेकांखाली आणली की आवाज ओठांशी जुळतो. फोनच्या चित्रणात दर सेकंदाच्या चौकटींची (फ्रेमची) संख्या किंचित कमी-जास्त होत असल्याने लांब मुद्रणात आवाज हळूहळू सरकतो, म्हणून एक तुकडा ५ मिनिटांपेक्षा लांब नको आणि प्रत्येक तुकड्याला नवी टाळी हवी. बोलणे संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्याच जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. दोन वाक्यांमधली फट बुजवायला तो लागतो. आणि प्रत्येक तुकड्यानंतर इअरफोन लावून तेथेच ऐका.

मुलाखत आणि काम एकाच वेळी टिपू नका. पहिल्या भेटीत अण्णांना शांत जागी बसवून फक्त बोलते करा. ते जे सांगतील त्यातूनच पुढे कोणती दृश्ये हवीत याची यादी तयार होईल. ‘माती कुठली?’ असे विचारले तर ‘तळ्याची’ एवढेच उत्तर येते आणि तुमचा प्रश्न काढून टाकला की ते लंगडे होते. ‘माती आणण्यापासून सगळं सांगा’ असे विचारले तर पूर्ण वाक्ये मिळतात. मध्ये ‘हं, हं’ म्हणू नका, नुसती मान हलवा. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी मनातल्या मनात तीन अंक मोजा. पुष्कळदा माणूस सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतर बोलतो. आणि अण्णांच्या बोलण्याला कृपा करून शुद्ध करायला जाऊ नका. आपल्याकडची माणसे ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, मराठी वाक्यात कानडी शब्द सहज येतो, हेल वेगळा असतो. ते अण्णांचे आहे आणि या मातीचे आहे. पुण्या-मुंबईच्या कानाला अडले तर पडद्यावर खाली अक्षरे (सबटायटल्स) द्यावीत, आणि द्यायचीच आहेत तर मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यावीत. आवा रचणारे हात दोन्ही भाषांतल्या घरांत मडकी देतात आणि तुमच्या शेजाऱ्यालाही हा व्हिडिओ आपला वाटला पाहिजे. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त अक्षरे नकोत, आणि ती सावकाश वाचून होतील इतका वेळ पडद्यावर राहू द्या.

चित्राच्या तुमच्या दोन्ही तक्रारी आता लवकर मिटतील. चित्र पांढरे-काळे होते, कारण फोन प्रकाशाचा अंदाज सतत स्वतः बदलतो. पडवीच्या अंधारात उघडे दार चौकटीत आले की तो अण्णांचा चेहरा काळा करतो. पडद्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर बोट थोडा वेळ दाबून धरा. बहुतेक फोनांत प्रकाश आणि फोकस दोन्ही तेथे कुलूपबंद होतात. अण्णांना दाराकडे पाठ करून बसवू नका. उजेड त्यांच्या एका गालावर येईल असे तिरके बसवा. रात्रीचे पट्टे येतात ते विजेमुळे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, म्हणून ट्यूब आणि पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, फोनला कळते. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सारे हाताने ठरवण्याची सोय, असेल तर शटर, म्हणजे एक चौकट टिपण्याचा वेळ, १/५० सेकंदावर बांधा आणि सेकंदाला २५ चौकटी ठेवा. तेथे २५ मिळत नसतील तर ३० चालतील, पण शटर १/५० किंवा १/१०० च हवे. प्रो मोड नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचे मोफत ॲप अनेक फोनांवर चालते आणि त्यात हे सारे हाताने ठरवता येते. उन्हात मात्र हा आग्रह सोडा, नाहीतर चित्र पार पांढरे होईल. आवा भाजतानाचे रात्रीचे दृश्य घ्याल तेव्हा प्रकाशाचे कुलूप ज्वाळेवर लावा. भोवतालचा अंधार अंधारच राहू द्या, तो तसाच चांगला दिसतो.

फोन आडवा धरा. भिंग सुती कापडाने पुसा. मातीच्या कामात ते दर दहा मिनिटांनी मळते. बोटांनी मोठे करण्याची सोय वापरू नका, पायांनी जवळ जा. फोन फ्लाइट मोडवर टाका. तिपाई नसेल तर भिंतीला टेका किंवा पालथ्या घागरीवर ठेवा, आणि प्रत्येक दृश्य किमान १० सेकंद न हलवता धरा. नवीन माणसाची सर्वांत मोठी चूक ही की तो फोन झाडूसारखा इकडून तिकडे फिरवतो. तुम्ही स्थिर राहा, हलायचे काम चाकाला करू द्या.

एकाच कामाची पाच प्रकारची दृश्ये घेण्याची सवय लावून घ्या, कारण तुमच्या ‘जुळत नाही’ या तक्रारीचा उरलेला अर्धा भाग येथे आहे. चाकावर माती वर चढत असताना आधी फक्त हात, अगदी जवळून. मग तेच काम पाहणारा अण्णांचा चेहरा. मग हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असे थोडे लांबून. मग अण्णांच्या खांद्यामागून, म्हणजे त्यांना जे दिसते ते. शेवटी सारी पडवी. अण्णा दिवसभरात एकच क्रिया वीस वेळा करतात, त्यामुळे त्यांना थांबवावे लागत नाही, तुम्हीच जागा बदलायची असते. हातांच्या दृश्यावरून चेहऱ्यावर गेले की मधला वेळ कमी केलेला कोणाला जाणवत नाही, १० मिनिटांचे काम १५ सेकंदांत मावते. तुमचे चित्रण बहुधा सारे एकाच अंतरावरून असेल. दोन सारखीच दृश्ये शेजारी ठेवली की उडी मारल्यासारखे दिसते. जागा बदलताना एक पथ्य मात्र पाळा: अण्णा आणि चाक यांना जोडणारी एक रेघ मनात ओढा आणि सारी चित्रे त्या रेघेच्या एकाच बाजूने घ्या. नाहीतर एका दृश्यात डावीकडे तोंड केलेले अण्णा पुढच्या दृश्यात अचानक उजवीकडे तोंड करतील.

ड्रोनचे तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. बेळगावात लष्करी छावणी आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र आहे. नियम आणि नकाशा पाहिल्याशिवाय या भागात ड्रोन उडवू नये. मडक्याच्या कथेला आकाशातून पाहण्याची गरजही नाही.

साठवणीचा हिशेब आधी करा. १०८० पी दर्जात सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट धरले तर एका मिनिटाला साधारण १२८ एमबी लागतात. तुमच्या अडीच तासांनी १९ जीबीच्या आसपास जागा खाल्ली असेल. या वेळी ५ मिनिटांसाठी ५० मिनिटे, म्हणजे साडेसहा जीबी, एवढीच मर्यादा घाला. मर्यादा असली की बटण दाबण्याआधी विचार होतो. ४ के चा मोह नको. त्यात चित्रबिंदू चौपट असतात, जागा खूप जास्त लागते आणि साधा संगणक धापा टाकतो. रोज घरी आल्यावर मूळ फाइली तारेने संगणकावर उतरवा आणि दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन नातेवाइकांच्या घरी ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ आकसून येतो, तो मूळ म्हणून कधीही धरू नका.

संकलन सुरू करण्याआधी पुन्हा वही घ्या. प्रत्येक फाइल पाहून तिच्यापुढे लिहा: कोणत्या मिनिटाला काय आहे, अण्णांचे कोणते वाक्य चांगले आले. मग निवडलेली वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरा आणि क्रम लावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण व्हिडिओ येथेच तयार होतो. संगणकावर नंतर उरते ती जोडणी. आधी अण्णांचा आवाज सलग लावून डोळे मिटून ऐका. नुसते ऐकून गोष्ट कळली तर त्यावर चित्रे बसवा, आणि कधीकधी पुढच्या दृश्याचा आवाज त्या दृश्याच्या एक-दोन सेकंद आधी येऊ द्या. फळीची थापटी आधी ऐकू आली आणि मग दिसली की पाहणारा आपसूक पुढे ओढला जातो. शॉटकट, केडेनलाइव्ह ही साधने पूर्ण मोफत आहेत, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही अशा कामाला पुरून उरते, पण तिला दमदार संगणक लागतो. शाळेतल्या साध्या संगणकावर शॉटकटपासून सुरुवात करा.

पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातले गाणे घालू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो, आणि गाण्याचे शब्द व चाल यांचे हक्क वेगळे असतात. त्याहून खरे कारण असे की तुमच्याकडे चाकाचा, थापटीचा, पाण्याचा, जाळाचा आणि टिचकीचा आवाज असताना उसने संगीत कशाला?

अण्णांची संमती दोनदा घ्या. चित्रणाआधी, हा व्हिडिओ कोठे दाखवणार आहोत हे नीट समजावून. आणि संकलनानंतर, इतर कोणालाही दाखवण्याआधी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बसवून, सगळा दाखवून. एखादे वाक्य त्यांना नको वाटले तर ते कितीही चांगले असले तरी काढा. ज्यांचे आयुष्य आपण चौकटीत घेतो त्यांना एवढे देणे आपण लागतोच. आणि आव्याच्या दिवशी त्यांच्या कामात अडथळा येत असेल तर फोन खाली ठेवून शेण्या उचलू लागा.

कोर्सबद्दल. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही १९६० साली स्थापन झालेली संस्था मोठ्या अभ्यासक्रमांबरोबर अल्प मुदतीचे वर्गही घेते आणि स्मार्टफोनवरील चित्रपटनिर्मितीचे वर्गही तिने घेतले आहेत. जरूर जा, पण हा व्हिडिओ पुरा करून जा. तेव्हा तुमच्याकडे विचारण्यासारखे स्वतःचे प्रश्न असतील, आणि असे प्रश्न घेऊन बसलेला विद्यार्थी पाच दिवसांत जे शिकतो ते रिकाम्या हाताने गेलेला महिन्यात शिकत नाही. मातीविषयी काही अडले तर खानापुरातच खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. तेथे जाऊन भाजणीत भांडे का चिरते ते समजून घ्या. व्हिडिओ करणाऱ्याला विषयाचे ज्ञान कॅमेऱ्याच्या ज्ञानाइतकेच लागते.

दिवाळीत घेतलेले चित्रण टाकून देऊ नका. त्यात पणत्यांच्या घाईतले अण्णा आहेत, ते दिवस आता वर्षभर येणार नाहीत. फाइलींना तारीख घालून ठेवा, आवाज नसलेली हातांची दृश्ये नक्की कामी येतील. येत्या रविवारी फोन घरी ठेवून अण्णांकडे जा आणि आव्याची तारीख विचारा. ती कळली की दोन रकान्यांची तुमची पाने मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा, चित्रणाच्या आधी. मी वाचून, खुणा करून परत पाठवीन.